दांडवहाळच्या बकुळीचा आडोसा

दांडवहाळच्या वेशीवर चार पुरुष उंचीची बकुळ आहे. तिच्या मावळतीच्या अंगाला, बुंध्याशी, नारळाच्या झावळ्यांचा कमरेएवढा आडोसा बांधलेला असतो. येणारे-जाणारे तो बघून हसतात. एवढ्या थोराड झाडाला उन्हाची कसली भीती? गावचा म्हातारा गुरव नारू आधी त्यांना पोटभर हसू देतो. मग पारावर बसवतो आणि तान्हूबाईची गोष्ट सांगतो.

तान्हूबाई याच गावची, हाताने सढळ आणि स्वभावाने उतावळी. पाहुणा दोन घास कमी जेवला तर तिला दिवसभर चैन पडत नसे, म्हणे. तिच्या एकुलत्या मुलाचे लग्न डोंगरावरच्या पाथरवाडीच्या शेवंताशी झाले आणि त्याच वर्षी श्रावणात पाथरवाडीवर दरड कोसळली. आई, बाप, भावंडे, गोठ्यातली गुरे, सगळी मातीखाली गेली. उरली ती शेवंताच्या अंगणाच्या कडेची कमरेएवढी बकुळ. पोरगी रडली नाही. तेवढी बकुळ इथे आणा, एवढेच तिने मागितले. पाऊस ओसरल्यावर चौघांनी ती खणून आणली आणि वेशीवर लावली.

आठ दिवसांत बकुळीने मान टाकली. तान्हूबाईच्या जिवाची घालमेल झाली. सुनेचे माहेर म्हणून एवढेच उरलेले, तेही हातचे जाणार की काय! तिने बुंध्याशी ताजे शेण ओतले, सकाळ-संध्याकाळ घागरीवर घागरी रिकाम्या केल्या. सुनेच्या बाबतीतही तेच. कामात राहिली की दुःख विसरेल, असे तान्हूबाईला अगदी मनापासून वाटे. म्हणून जाते, उखळ, विहिरीचे पाणी, नाचणीची कापणी, पोरीला क्षणभर रिकामे बसू दिले नाही. वर ताटात तुपाची धार आणि जेवायचा आग्रह. शेवंताच्या घशाखाली घास उतरत नसे.

ती एकदाच बोलली, असे सांगतात. "आत्याबाई, बकुळीला नका असं खाऊ घालू. मुळं तुटलीत तिची. नुसती सावलीत राहू दे, धरील आपसूक."

तान्हूबाईने ऐकले, पण कालच्या पोरीला झाडातले काय कळते, असे तिला वाटले. शेणाची पाटी तिने त्याच पावली उचलली.

पौषात शेवंताला ताप भरला. तिसऱ्या दिवशी ती गेली.

तेरावे झाल्यावर तान्हूबाई वेशीवर आली. बकुळीच्या अंगावर पान नव्हते. हिने माझी पोर खाल्ली, असे म्हणत तिने ती उपटायला हात घातला आणि नख लागून साल खरवडली. आत हिरवे होते. सुनेचे बोलणे तिला तेव्हा कळले, म्हणे, आणि कळून आता उपयोग नव्हता.

तिने बुंध्याशी साचलेले शेण उपसून काढले. वाळल्या फांद्या छाटल्या, मातीवर भाताचा पेंढा पसरला, मावळतीच्या उन्हाला आड म्हणून झावळ्या बांधल्या. माती बोटाला कोरडी लागली तरच तांब्याभर पाणी. उन्हाळाभर ती त्या आडोशाला बसून राहिली. काय करतेस, असे कुणी विचारले की म्हणे, "काही नाही करत. आधी हेच करायला हवं होतं."

मिरगाच्या आदल्या दिवशी एक पान फुटले. गाव बघायला लोटले. तान्हूबाई मात्र त्या पानाकडे बघून हंबरडा फोडून रडली, आणि मग मरेपर्यंत तिने त्या झाडाचे फूल माळले नाही.

आजही दांडवहाळात नवी सून आली की सासू आपल्या हाताने झावळ्या विणून हा आडोसा नवा बांधते आणि सुनेला त्यात बसवते. चाळीस दिवस तिला कुणी काम सांगत नाही, जेवायचा आग्रह करत नाही. रडली तर रडू देतात.

एवढे सांगून नारू उठतो. आडोसा कमरेएवढाच का, असे अजूनही कुणी विचारले, तर तो झाडाकडे न बघता सांगतो, "झाड तर वाचलं. बसलेल्या पोरीला तेवढा पुरतो."