शेटे बंधूंना काय दाखवायचं?

"मग उद्या लेबलाचं चित्र नेऊ कशात, सर? लॅपटॉपवर, की छापून बोर्डावर चिकटवून?"

जांभळे सर ओसरीवर वालाच्या शेंगा सोलत बसले होते. मिरजेतल्या कलाशाळेत त्यांनी हयातभर जाहिरातकला शिकवली. केतकी त्यांची लाडकी विद्यार्थिनी, आणि हे तिला जरा जास्तच ठाऊक होतं.

"आधी कशात नेलं होतंस?"

"पहिल्यांदा पडद्यावर. दिवे मालवून, मागे सतार लावून. दुसऱ्यांदा जाड बोर्डावर छापून, वर मखमलीचं आवरण."

"शेटे बंधू काय म्हणाले?"

"दोन्ही वेळा एकच. फार सुंदर. कळवतो..."

शेटे बंधूंच्या घाण्याच्या तेलाला नवं लेबल हवं होतं. नोकरीवर लाथ मारून केतकीने स्वतःचा स्टुडिओ थाटला, त्यातलं हे पहिलंच काम. उद्याही 'कळवतो' आलं, तर काम पुण्याला जाणार आणि केतकी पुन्हा जुन्या साहेबापुढे उभी राहणार.

सर म्हणाले, "दारात रांगोळी काढ बघू."

"आत्ता?"

सर शेंगा सोलत राहिले...

केतकी मनातून धुसफुसली, पण सरांचा शब्द तिने कधी खाली पडू दिला नव्हता. तिने मोर काढला. पिसापिसात रंग भरला. बोटांत जादू होती पोरीच्या, खोटं कशाला बोला.

येणारेजाणारे मान डोलावून कडेकडेने गेले. शेजारच्या इंदूकाकू कढीपत्ता मागायला आल्या. साडी सावरत वळसा घालून आल्या, तशाच वळसा घालून निघाल्या.

"कशी वाटली, वहिनी?" सरांनी विचारलं.

"फार सुंदर!" म्हणत काकू आपल्या घरात गेल्यासुद्धा.

सर उठले. त्यांनी केरसुणी घेतली आणि मोर झाडून टाकला.

केतकीच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"रागावलीस?"

"हो."

"रागवायलाच हवं," म्हणत सर गुडघ्यावर हात देऊन खाली बसले. पांढरे ठिपके मांडले. त्यातले चारदोन जोडले, रांगोळीचं भांडं तिथेच ठेवलं आणि आत जाऊन चहा टाकला. केतकीच्या आवडीचं आलं घालायला विसरले नाहीत.

चहा कपात येतो न येतो, तोच दारात आवाज आला.

"अगं बाई, ही अर्धवट कुणी टाकली?"

इंदूकाकू पदर खोचून बसल्या होत्या. एक रेघ जोडली, दुसरी जोडली. समोरच्या घरातली सून धावत आली. "काकू, इथून वळवा, कमळ होईल!" "कमळ नको गं, वेल बरी दिसेल." दोघींची चांगलीच जुंपली. शेवटी वेलीला कमळं आली.

एवढ्यात पेपरवाला सायकल दामटत आला. काकू दोन्ही हात पसरून आडव्या आल्या.

"उचल ती सायकल! आमची रांगोळी आहे!"

केतकीच्या हातातला चहा निवत चालला होता...

कप खाली ठेवून तिने पिशवीच्या तळातून पेन्सिलीची कच्ची रेखाटनं काढली. ती तिने आजवर कुणाला दाखवली नव्हती. लाजच वाटायची.

"उद्या हीच नेते, सर. आणि त्यांच्यासाठी दोन पेन्सिली."

"ने."

चपला पायात घालता घालता ती थबकली.

"पण शेट्यांनी भलतीच रेघ ओढली तर...?"

सरांनी तिच्या डोक्यावर हलकेच टपली मारली.

"ठिपके कुणी मांडलेत, पोरी?"