बहुरूप्याचं पहिलं घर

दोन नद्या जिथे एकमेकींना भेटतात तिथे एक पेठ होती, आणि त्या पेठेच्या टोकाला लिंबाजी नावाचा एक बहुरूपी राहत असे. सकाळी तो फौजदार व्हायचा, दुपारी वैद्य, आणि संध्याकाळी मिशा उतरवून पुन्हा लिंबाजी. गावोगाव फिरायचं, सोंग घ्यायचं, लोकांना हसवायचं आणि ते देतील ते घेऊन घरी यायचं, हा त्याचा पिढीजात धंदा.

पण गुडघ्यांना काही सोंग घेता येत नाही. वय झालं तसे ते कुरकुरायला लागले. चढ आला की लिंबाजी एखाद्या दगडावर टेकायचा आणि त्याच्या मनात यायचं, 'मी चाललो तर घर चालतं. मी बसलो तर?'

पेठेत काही माणसं अशी होती, की ती बसूनच असायची आणि तरी त्यांचं चालायचं. त्यांची घरं होती, घरांत भाडेकरू होते. लिंबाजीला त्यांचं मोठं कुतूहल वाटे. घर घ्यायचं, ते भाड्यानं द्यायचं, हे सगळं सुरू तरी कुठून करतात?

तो भेटेल त्याला विचारू लागला. सोनार म्हणाला, "स्वस्त असेल ते घे." न्हावी म्हणाला, "महाग असेल ते घे. महाग उगाच नसतं." धान्याचा व्यापारी म्हणाला, "डोळे मिटून घे. जमीनजुमला कधी खोटं बोलत नाही."

लिंबाजीनं घरी येऊन बायकोला, सारजाला, हे सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "खरंय त्यांचं. जमीनजुमला बोलतच नाही. बोलतात ती माणसं."

सारजानं पोटाला चिमटा घेऊन बरीच शिल्लक जमवली होती. ती शिल्लक घरासाठी द्यायला सारजा तयार झाली, पण एका अटीवर. "सगळी द्यायची नाही," ती म्हणाली. "थोडी मागे राहू दे. घर घेतल्यावर घरही काहीतरी मागेल."

लिंबाजीला ते पटलं नाही. घर ते काय मागणार? पण सारजापुढे त्याचा फौजदारही चालत नसे.

एके दिवशी पेठेतला दलाल त्याला एक घर दाखवायला घेऊन गेला. नदीच्या अंगाला, पांढऱ्याशुभ्र चुन्यानं रंगवलेलं, दाराला नवी कोरी कडी. घराचे मालक तेलाचे व्यापारी होते, सगळे त्यांना शेठ म्हणत.

"सोन्याचा तुकडा आहे!" शेठ म्हणाले. "भाडेकरू रांग लावतात. दारातून गार वारा, विहीर हाकेच्या अंतरावर. मन घट्ट करून विकतोय."

"उद्याच विसार दे," दलाल कानाशी लागला. "दुसरं गिऱ्हाईक उंबऱ्यात उभं आहे."

लिंबाजी हरखून गेला. घरी आला तो गाणं गुणगुणतच. सारजानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अहो, तोंडाला रंग फासला की माणूस कसा दिसतो, हे तुमच्याहून जास्त कोणाला ठाऊक? मग भिंतीला चुना फासलेला बघून तुम्ही कसे भुललात?"

 लिंबाजीचे डोळे चमकले. त्यानं पेटारा उघडला, डोक्यावर पगडी चढवली, कानावर बोरू खोचला आणि सरकारी कारकून होऊन तो शेठच्या दारात जाऊन उभा राहिला.

"नदीकाठच्या घराची घरपट्टी वाढवायची आहे," तो घसा खाकरून म्हणाला. "उत्तम घर आहे म्हणे."

शेठनी कपाळाला हात लावला. "कोणी सांगितलं साहेब? ते घर कसलं, डबकं आहे डबकं! पावसाळ्यात गुडघाभर पाणी. वाळवीनं वासे पोखरलेत. भाडेकरू तर फिरकत नाही. तुम्ही पट्टी वाढवलीत तर मी कुठून भरू?"

कारकुनानं मान हलवली आणि तो निघून आला. लिंबाजीला वाटेत हसूही येत होतं आणि कोडंही सुटत नव्हतं. एकच घर सकाळी सोन्याचा तुकडा आणि दुपारी डबकं! मग खरं घर कुठलं?

दुसऱ्या दिवशी शेठ आणि दलाल विसार घ्यायला आले. लिंबाजीनं विचारलं, "शेठ, काल तुमच्या घरात गुडघाभर पाणी होतं. आज कुठे गेलं?"

शेठना उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. मग ते लालबुंद झाले. "तो तू होतास? फसवलंस मला!"

"शेठ, मी नुसते कपडे बदलले. तुम्ही तर घरच बदललंत."

दलालाला हसू फुटलं, ते त्यानं खोकल्यात लपवलं. शेठ तणतणत निघून गेले. दिवस मावळायच्या आत एका तरुण रेशीमवाल्यानं घर आतून न बघताच विसार दिल्याची बातमी पेठभर झाली.

लोक लिंबाजीला हसले. "सोंगाड्याच्या नशिबी सोंगच!" त्यालाही रुखरुख लागली. हातची संधी तर घालवली नाही ना? पण त्याहून मोठं होतं ते कुतूहल. त्या घराचं खरं काय होतं?

त्या घरात पूर्वी एक रंगारी भाड्यानं राहायचा. लिंबाजी त्याच्याकडे गेला. रंगारी कापड पिळत होता. "आज कुठलं सोंग, लिंबाजी?" त्यानं हसत विचारलं.

"आज कुठलंच नाही. मला घर घ्यायचंय आणि त्यातलं मला काही म्हणजे काही कळत नाही."

एवढं वाक्य म्हणायला लिंबाजीला फौजदार होण्याहून जास्त धीर लागला. पण ते ऐकून रंगाऱ्यानं कापड बाजूला ठेवलं आणि त्याच्यासाठी घोंगडी अंथरली.

"घर वाईट नाही," तो म्हणाला. "पाणी शिरत नाही, वाळवी नाही. पण विहीर हाकेवर असली तरी तिची वाट शेजाऱ्याच्या अंगणातून जाते. त्यानं ती बंद केली. माझी बायको हंडे घेऊन नदीचा उभा घाट चढायची-उतरायची. शेवटी तिच्या कमरेनं हात टेकले, म्हणून आम्ही घर सोडलं. आमच्या आधीचेही त्यासाठीच गेले."

"म्हणजे शेठनी मला सांगितलं तेही खोटं आणि कारकुनाला सांगितलं तेही खोटं!"

"ज्याला जे ऐकवायचं ते ते बोलले," रंगारी म्हणाला. "जो राहून गेला त्याला विचारावं. आता तू विचारतोसच, तर सांगतो. कुंभारआळीत एका साळणीचं घर आहे. दिसायला ओंगळ. पण ते मी रिकामं असं कधी पाहिलं नाही."

लिंबाजी तसाच कुंभारआळीत गेला. घर खरंच ओंगळ होतं. भिंती धुरानं काळवंडलेल्या, दार इतकं बुटकं की वाकल्याशिवाय आत जाता येऊ नये. म्हातारी साळीण ओट्यावर बसली होती. लेकीच्या गावी राहायला जायचं म्हणून तिला घर विकायचं होतं.

"मावशी," लिंबाजीनं विचारलं, "या घरात वाईट काय आहे?"

म्हातारी खळखळून हसली. "अरे बाबा, सगळे चांगलं काय ते विचारतात! बस. चुलीचा धूर कोंडतो. पश्चिमेची भिंत पावसाळ्यात ओल धरते, कधीतरी ती दगा देणार. शेजारच्या भागूच्या शेळ्या अंगणात येतात. झालं."

"आणि चांगलं काय?"

"ते माझ्या तोंडून कशाला ऐकतोस? आत राहतात त्यांना विचार."

आत एक घोंगडी विणणारा आणि त्याची बायको राहत होती. त्यांनी सांगितलं, की विहीर समाईक आहे, बाजार जवळ आहे, आणि आळीत कोणी आजारी पडलं तर सगळे धावतात. लिंबाजीनं वाटेच्या हक्काचं विचारलं, पाण्याचं विचारलं, भागूलाही जाऊन विचारलं. मग सारजाला आणून घर दाखवलं. तिनं भिंतीवर थापट्या मारल्या, वासे निरखले आणि म्हणाली, "रंग नाही फासलेला. घ्या."

अशा रीतीनं लिंबाजी घरमालक झाला. भाडं यायला लागलं आणि तो आळीतून जरा ताठ चालू लागला.

पावसाळा आला आणि पश्चिमेची भिंत खरोखरच ढासळली.  नुसतं बसून खायला मिळेल असं लिंबाजीला वाटलं होतं, आणि इथे तर तो भर पावसात चिखल तुडवत होता!  सारजानं मागे ठेवलेली शिल्लक त्याच्या हातावर ठेवली. गवंडी आला, भिंत उभी राहिली. पण शिल्लक संपली.

त्यातच घोंगडीवाल्याच्या भावाचं बोलावणं आलं आणि तो बायकोसह आपल्या गावी निघून गेला. कधीही रिकामं न राहिलेलं घर लिंबाजीच्या हाती येऊन रिकामं पडलं. रोज तो ओट्यावर जाऊन बसायचा आणि वाटेकडे डोळे लावायचा.

अखेर एक नवरा-बायको बोचकी घेऊन आले. "घर भाड्यानं आहे का? कसं आहे?"

लिंबाजीच्या जिभेवर शब्द तयार होते. रांग लावतात, गार वारा, सोन्याचा तुकडा. आयुष्यभर त्याची जीभ हवं ते रूप घेत आली होती, आणि आज तर गरजही होती. तोच त्याची नजर खाली गेली. समोरच्या बाईच्या पायांना चालून चालून भेगा पडल्या होत्या.

"चुलीचा धूर कोंडतो," तो म्हणाला. "भिंत नवी आहे. अजून पुरता एक पावसाळाही तिनं पाहिलेला नाही, तेव्हा तिची हमी देत नाही. शेजारणीच्या शेळ्या येतात. विहीर मात्र समाईक आहे, तिथे कोणी अडवणार नाही."

नवरा-बायकोनं एकमेकांकडे पाहिलं. "आजवर दोन घरमालक झाले," बाई म्हणाली. "एकानंही काही सांगितलं नव्हतं. सगळं आमचं आम्हालाच कळलं." तिनं डोक्यावरचं बोचकं खाली ठेवलं.

लिंबाजी त्या दिवशी समाधानानं झोपला. आणि सकाळी उजाडायच्या आतच भागू त्याचं दार बडवू लागली. "अहो घरमालक! कोणाला आणून ठेवलंत? तांबट आहे तो! ठाक ठाक ठाक! माझ्या शेळ्या बिचकून दूध चोरायला लागल्या!"

लिंबाजीनं डोक्याला हात लावला. घराबद्दल त्यानं सगळं खरं सांगितलं होतं. पण येणारा काय काम करतो, हे विचारायचंच राहिलं होतं. मग तो हसला, पायात वहाणा सरकवल्या आणि आळीकडे निघाला. दोघांना समोरासमोर बसवून त्यानं दोघांचं ऐकून घेतलं. ऊन अंगणात उतरल्यावरच हातोडा चालेल आणि तोही मागच्या परसात, असं ठरलं. तांबटानं भागूची गळकी घागर फुकट सांधून दिली. भागूनं शेळ्या बांधून ठेवायचं कबूल केलं.

लिंबाजी घरी परतला तेव्हा सारजानं विचारलं, "मिटलं का?"

"आजचं मिटलं," लिंबाजी म्हणाला. "उद्या काय नवं कळतंय, ते बघू."

तात्पर्य एवढंच: पहिलं घर घेणाऱ्यानं 'मला कळत नाही' हे म्हणायला लाजू नये, चांगल्याआधी वाईट विचारावं, आणि घर आपलं झाल्यावर तेच वाईट दुसऱ्याला न लपवता सांगावं.