उसनं ऊन

सन २०१७, वैशाखाचा वद्य पक्ष. सोलापुरात पारा त्रेचाळीसला टेकला होता आणि आमच्या रहाट गल्लीची वाळवणाची जत्रा बंद पडायची वेळ आली होती.

ही जत्रा कुणा मंडळाची नाही, पुढाऱ्याची नाही. गल्लीतले लोकच भरवतात. मे महिन्यातल्या एका रविवारी घरोघरच्या खाटा गल्लीच्या टोकाच्या पटांगणात येतात. ज्याच्या त्याच्या घरची कुरडई, पापड, सांडगे तिथंच तळायचे आणि सगळ्यांनी मिळून खायचे.

पण पटांगण आता चन्नप्पाशेठ बिराजदारांनी विकत घेतलं होतं. त्याच्या पश्चिमेला, बंद गिरणीच्या जागेवर, त्यांनी पाच वर्षांपूर्वी बारा मजली इमारत उठवली होती. तिथल्या मोटारी त्यांना पटांगणात लावायच्या होत्या.

बोलायला गल्लीनं सोजरबाईला पाठवलं. ती शेठच्याच घरी, बाराव्या मजल्यावर, झाडूफरशी करायची. शाळा चौथीपर्यंत. जीभ मात्र पुढं शिकलेली.

"शेठ, एक रविवार द्या."

"मंडप घालून खड्डे करून ठेवता. नको."

"मंडप नाही घालत."

शेठ हट्टी, आणि त्यांना गंमतही करायची होती. "बरं. मंडप नाही, खांब नाही, कापड नाही, छत्रीसुद्धा नाही. आमची अव्वा येऊन खाटेवर बसंल. आईच्या डोक्याला उन्हाची एक तिरीप लागली, की जत्रा कायमची बंद आणि मोटारी उभ्या. नाही लागली, तर दरसाल भरवा."

सोजरबाईनं झाडू खाली ठेवला. "मग सकाळी नऊला ठेवू, शेठ. पाया पडते, तीनला तेवढं नको."

शेठच्या गॅलरीचं तोंड पश्चिमेला. दुपारी तीनला तिथल्या फरशीवर पाय ठेववत नसे. जाड पडदे ओढून, एसी लावून शेठ आत झोपायचे. ती फरशी रोज पुसणारीला हे ठाऊक होतं.

"तीनलाच," शेठ म्हणाले. "एक मिनिट अलीकडं नाही."

"मेलो की वो आम्ही," म्हणत सोजरबाईनं पदर तोंडाला लावला आणि खाली आली.

गल्लीत सगळे तिच्यावर तुटून पडले. बाबूमामा लोहार सगळ्यांत मोठ्यानं ओरडले, "अगं, म्हातारी करपंल की! जत्रा घालवलीस तू."

"मामा, पाच वर्षं झाली, आपली कुरडई का वाळंना?" सोजरबाईनं विचारलं.

मामांनी इमारतीकडं बघितलं. मग खाटा काढायला गेले.

रविवारी तीनला शेठ डोक्याला टॉवेल गुंडाळून, काळा चष्मा लावून खाली उतरले. या वेळेला ते पटांगणात कधी आलेच नव्हते. बघतात तर या टोकापासून त्या टोकापर्यंत गार सावली. मधोमध खाटेवर अव्वा बसलेली, डोक्यावर पदरसुद्धा नाही, हातात कुरडई.

"अव्वा, लागतंय का?"

"मीठ जरा कमी लागतंय," अव्वा म्हणाली.

शेठनी चष्मा काढला. "मंडप कुणी घातला?"

"तुम्हीच की," सोजरबाई म्हणाली. "बारा मजली. दोन वाजले की आपला आपण पसरतो. आम्हाला एक खांब रोवावा लागला नाही."

शेठनी मान वर करून इमारत बघितली. पण हट्ट सुटेना. "सावली माझ्या इमारतीची, म्हणजे माझी. न विचारता घेतलीत. परत करा."

"करते की. उद्या सकाळी येऊन बघा, इथं टिचभर राहिली तर सांगा. पण शेठ, आमचं बी एक उसनं तुमच्याकडं हाय."

"माझ्याकडं? काय?"

"ऊन. पाच वर्षं झाली, दोनच्या पुढचं ऊन आम्हाला दिसलं नाही. सगळं तुमच्या गॅलरीत जातंय, आणि तुम्ही पडदे लावून बसता. वापरत बी नाही! इकडं कुरडई आतनं ओली राहून बुरशी धरती. वाटीभर साखर उसनी नेली तरी माणूस परत देतं."

अव्वा हसून हसून खाटेवर कलंडली. "दे की रे चन्नप्पा तिचं तिला. बिराजदारांनी आजवर कुणाचं ठेवून घेतलं न्हाई."

शेठ आईकडं बघत राहिले. मग असे हसले, की डोक्यावरचा टॉवेल सुटून गळ्यात आला. खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून त्यांनी त्यातली एक सोडवली.

"पटांगण दरसाल तुमचं. आणि ही गच्चीची किल्ली. लिफ्टनं न्या, जिन्यानं नेलं तर पापड मोडतील."

सोमवारी सकाळी गल्लीचं सगळं वाळवण बाराव्या मजल्याच्या वर पसरलं. दिवस बुडेपर्यंत तिथं ऊन होतं. कुरडई कडकडीत वाळली. उसनं फिटलं.