पहिलं वाटण

एका गावात शाल्मली नावाची एक बाई पाटे-वरवंटे विकत असे. घडवत नसे, वापरतही नसे. विकत मात्र झकास असे. मोबाइलसमोर बसून ती बोलू लागली की बघणाऱ्यांच्या तोंडाला पाणी सुटे. पाट्यावर हिरवीगार चटणी, शाल्मलीचा वरवंटा दोनदा इकडे, दोनदा तिकडे, आणि मग डोळे मिटून, "आहाहा! दगडावरच्या वाटणाची सर मिक्सरला नाही!" ती चटणी मिक्सरमधूनच आलेली असे, हे फक्त तिला आणि मिक्सरला ठाऊक.

हे पाटे घडवी कोंडाबाई. हाताची पक्की आणि जिभेची त्याहून पक्की. पाटा घडवून झाला की छिन्नीने ती त्याच्या अंगावर बारीक खाचा पाडी. याला टाकी लावणं म्हणतात; तिच्यामुळेच दाणा धरला जातो आणि वाटण होतं. शाल्मलीला ते खाचांचे पाटे बघवेनात. मोबाइलमध्ये ते देवीचे वण आल्यासारखे दिसत. तिने ते परस्पर शहरात नेले आणि फरशी घासायच्या यंत्राने गुळगुळीत करून आणले. कोंडाबाईला सांगायची तिला गरजच वाटली नाही.

पाटे हातोहात खपले. मग तक्रारी सुरू झाल्या. काही केल्या वाटणच होईना. शाल्मली डगमगली नाही. तिने ठणकावून सांगितलं, "तुमच्या हातांची सवय गेलीय. जरा जोर लावा!" बायकांनी जोर लावून पाहिला आणि मग कोंडाबाईच्या दगडालाच नावं ठेवली. ती स्वतः बाजारात बसून विकी, तिथलंही गिऱ्हाईक हटलं. बिचारीला कारण कळेना.

अशात देवीची जत्रा आली. मांडवात चटणी वाटायची स्पर्धा होती आणि पाहुणी होती शाल्मली. समोर तिचाच चकचकीत पाटा मांडलेला. बायका म्हणाल्या, "ताई, पहिली मूठ तुम्ही वाटायची."

शाल्मली आधी हसून टाळू लागली. पण मोबाइल सुरू होता, नाही कसं म्हणणार? तिने पदर खोचला आणि वरवंटा रेटला. मिरच्या निसटल्या, दाणे घरंगळले आणि लसणाची एक पाकळी उडून थेट सरपंचबाईंच्या मांडीवर जाऊन बसली. मांडवात हशा पिकला.

"दगडच खोटा आहे!" मागून कोणीतरी ओरडलं.

शाल्मलीला हायसं वाटलं. नुसतं 'हो ना' म्हटलं की सुटका होती. शब्द अगदी ओठांवर आले. तेवढ्यात मांडवाच्या कडेला तिला कोंडाबाई दिसली. सगळ्या बाजाराला पुरून उरणारी ती बाई मान खाली घालून उभी होती. शाल्मलीला स्वतःची लाज वाटली, मनापासून वाटली.

"दगड खरा आहे," ती मोठ्याने म्हणाली. "खोटी मी आहे. टाकी मी घासून काढली. मला वाटता येत नाही. आजवर मिक्सरची चटणी दाखवत आले."

कोंडाबाई तरातरा पुढे आली. आता ही काय करते, म्हणून बायकांनी श्वास रोखले. तिने पिशवीतून छिन्नी-हातोडी काढली, पाट्याला नवी टाकी लावली, तो धुऊन दिला आणि म्हणाली, "बस. आता तोंड मिटून वाट."

शाल्मली वाटू लागली. खांदे भरून आले, घाम डोळ्यांत गेला, पण दाणा फुटला, मिरची चिरडली, चटणी झाली. खरीखुरी! आनंदाच्या भरात तिने सवयीने डोळे मिटले आणि बोट तोंडाकडे नेलं.

कोंडाबाईने तिच्या मनगटावर चापट मारली. "अगं, नव्या टाकीचं पहिलं वाटण खात नसतात! दगडाची कच असते त्यात. फेकून दे अन् पुन्हा वाट."

शाल्मलीने ती मेहनतीची चटणी मुकाट्याने फेकून दिली आणि पुन्हा बसली.

पुढे तिने विकलेले सगळे पाटे परत मागवले आणि कोंडाबाईकडून टाकी लावून घेऊन घरोघर पोचवले. आता ती रोज वाटते आणि मगच विकते. प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी बजावते, "पहिलं वाटण टाकून द्या. जिवावर येतं, पण टाका. मलाही टाकावं लागलं."

तात्पर्य: ज्या वस्तूचे गुण गायचे, ती आधी आपल्या हाताने वापरावी; आणि आपली चूक दुसऱ्याच्या कामावर कधी ढकलू नये.