सोऱ्याच्या पोटातला वारा

फार पूर्वी सरूबाई सोनारणीने व्रत धरलं होतं, महिनाभर देवापुढच्या धुपाटण्यातला निखारा विझू द्यायचा नाही. एका दमट संध्याकाळी तो निखारा राखेखाली गुदमरू लागला.

"वारा पुरेना गं बाई," तो कण्हला.

ते ऐकून फळीवरच्या सोऱ्याच्या, म्हणजे सोनारकामातल्या पांढऱ्या क्षाराच्या, खड्याने विचारलं, "मीठमावशी, माझ्या पोटात काय असेल गं?"

"काय असणार! मी तापले, तर नुसती तडतडले. गप बस."

"बघून तर येतो," म्हणत सोऱ्याने धुपाटण्यात उडी घेतली. तो तापला, वितळला आणि त्याच्यातून बुडबुडे फुटले. आत कोंडलेला प्राणवायू मोकळा झाला! निखारा लालबुंद फुलला, सरूबाईंचं व्रत अखंड राहिलं. सोरा मात्र पहिल्यासारखा उरला नाही.

बायांनो, सोरा जसा निखाऱ्याला पावला, तशा तुम्हीही कुणा गुदमरल्या जिवाला पावा.