मुकिंदा आजोबांना आवाज देतो

सगळा दोष मामांचा. आधीच सांगतो, म्हणजे नंतर कुणी भाच्याकडे बोट दाखवायला नको.

मिरजेजवळच्या एका गावात मुकिंदा नावाचा एक भोळा भाचा होता. त्याच्या मामांचा डबिंगचा स्टुडिओ होता, म्हणजे भिंतींना गाद्या ठोकलेली खोली. मामांना सगळं कळायचं, कारण ते साठीचे होते. त्यांच्याकडे एका ॲनिमेचा, म्हणजे जपानी कार्टून मालिकेचा, एक भाग मराठीत करायला आला. संवाद लिहायचे मुकिंदानं, सगळे आवाजही त्याचेच. चॅनेलच्या बाईंना भाग आवडला तर पुढचे पंचवीस मिळणार होते आणि मुकिंदा नोकरीत कायम होणार होता.

मामा म्हणाले, "जपानी काही ठेवू नकोस. आपल्या लोकांना आपलं वाटलं पाहिजे."

"बरं मामा."

पडद्यावर युकी नावाची मुलगी भाताचा तिकोनी गोळा खात होती. मुकिंदा बारीक आवाजात म्हणाला, "वा आई, पुरणपोळी!"

मामा ओरडले, "आंधळा आहेस? दिसतंय तेच बोलायचं!"

"बरं मामा."

पुढे स्टेशनवर युकी रडू आवरत बापाला एवढंच म्हणते, "मी मजेत राहीन." मुकिंदानं म्हटलं, "बाबा, मला रडू येतंय. तुमच्या मागे खांब आहे. खांबावर घड्याळ आहे. पावणेचार झालेत."

"अरे गाढवा, ती बोलते किती, तू बोलतोस किती? ओठ हलतील तेवढंच बोल. मिटले की गप्प!"

"बरं मामा."

मग पडद्यावर युकीचे आजोबा आले. ओसरीवर बसून ते मनातल्या मनात नातीशी बोलतात. मुकिंदा दोन मिनिटं गप्प.

"झोपलास काय रे?"

"ओठ मिटलेत, मामा."

"अरे, या भागाचा सगळा अर्थ तिथंच आहे! म्हातारी माणसं तोंडानं बोलत नाहीत. त्यांचं मनातलं आपण बोलायचं!"

आधी सांगितलं असतं तर? पण नाही. मोठी माणसं अर्धं सांगतात आणि पूर्ण ओरडतात.

मुकिंदानं आजोबांना असा आवाज दिला की मामांनी चष्मा पुसला.

बाई आल्या. भाग बघून खूश झाल्या. "फारच छान. फक्त आजोबा जरा तरुण वाटतात, तेवढं बघाल का?"

मामा ओठ मिटून गोड हसले.

मुकिंदानं बघितलं. म्हातारं माणूस. ओठ मिटलेले. सकाळी चहा पिताना मामा बाईंबद्दल जे बोलले होते, ते त्याला पाठ होतं. त्यानं घसा खाकरला आणि घोगऱ्या आवाजात सुरू केलं, "कालची पोरगी, आज मला शिकवते! एकदा सही करू दे, मग हिचा फोनसुद्धा उचलणार नाही."

बाई उठल्या.

"मी बोललो का काही?" मामा किंचाळले.

"नाही मामा," मुकिंदा म्हणाला, "म्हणून तर मी बोललो."

पंचवीस भाग गेले. मुकिंदाची नोकरी गेली.