शेपटीची जागा

गडावर माणसं तिकीट काढून येऊ लागली, त्याच्या कितीतरी आधीची गोष्ट. तिथल्या तटावर वानरं शेपटीच्या लांबीप्रमाणे बसत: सर्वांत लांब शेपटीचा बुरुजापाशी, सर्वांत आखूड शेपटीचा दरवाजापाशी. जो आपल्या जागी बसेल, त्यालाच म्हातारी वानरीण जांभळं देई.

एकदा झुपक्या आणि तांबू बऱ्याच दिवसांनी कळपात परतले. आपलीच शेपूट सर्वांत लांब, अशी झुपक्याची खात्री. म्हणून तो बुरुजापासून एकेकाच्या शेपटीला शेपूट लावत निघाला. पहिल्याची लांब निघाली. "ताणून धरलीय," झुपक्या म्हणाला. दुसऱ्याचीही लांब निघाली. "ओली असेल."

तांबू मात्र थेट रांगेच्या मधोमध गेली. तिथल्या वानराची शेपूट तिच्याहून लांब होती. मग तिने दरवाजाकडची अर्धी रांग धरली, तिच्याही मधोमध जाऊन पाहिलं आणि लगेच जागा शोधून जांभळं खायला बसली.

"अगं, बाकीच्यांशी ताडून नाही पाहिलंस?"

"दादा, मधल्याचीच माझ्याहून लांब. मग त्याच्या पलीकडच्यांची असणारच. उगाच का ओळीने बसलेत सगळे?"

झुपक्याला ते पटलं नाही. प्रत्येकाशी वाद घालत तो अखेर दरवाजापाशी पोचला. तिथे शेवटचं पिल्लू जांभळ्या तोंडाने बसलं होतं.

"काका, जांभळं संपली," ते म्हणालं. "पण माझ्यापेक्षा तुमची लांब आहे हं."